भरतीची वाट पाहायची की फर्म उभी करायची?

अलोरे म्हटले की कोयना प्रकल्पाची वसाहत आठवते. कोळकेवाडी धरण आणि कोयनेचा ३२० मेगावॉटचा तिसरा टप्पा यांच्या कामासाठी चिपळूण तालुक्यातील या गावात सरकारी क्वार्टर्स उभ्या राहिल्या. प्रकल्पाच्या पगारावर अनेक घरे चालली, मुले शिकली. मोठी बांधकामे आटोपली तशी माणसांची गरजही घटली.

या भागातल्या वस्त्यांमध्ये आम्ही तरुणांशी बोलतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ताई, भरती कधी निघणार?" चार माणसांना काम देणारी फर्म आपणच का काढू नये, हा प्रश्न क्वचितच येतो. तो विचारायचा तर फर्म म्हणजे नेमके काय, हे समजले पाहिजे. मुक्त बाजाराच्या अर्थशास्त्राने याचा बराच विचार केला आहे. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, असे मांडले. त्यामुळे मुक्त बाजाराचे सगळेच आपल्याला पटणार नाही. पण ते माहीत असायला हवे.

फर्म कशासाठी?

रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने १९३७ साली एक साधा प्रश्न विचारला. बाजारात सगळे काही किमतीवर ठरते, तर मग कंपन्या निघतात कशाला? प्रत्येक काम बाहेरून का करून घेत नाहीत? त्याचे उत्तर असे की, बाजारात व्यवहार करायलाच खर्च येतो. १९९१ मध्ये त्याला नोबेल मिळाले, त्यामागे हा विचारही होता.

समजा, आपला एक मुलगा पंपाच्या मोटारी रिवाइंड करतो. प्रत्येक कामाला मदतनीस शोधा, मजुरी ठरवा, तांब्याची तार रोखीने आणा, मग पैशासाठी गिऱ्हाइकाच्या दारी फेऱ्या मारा. या सगळ्यात जाणारा वेळ आणि पैसा म्हणजे व्यवहार खर्च. त्याने दोन मदतनीस महिन्याच्या पगारावर ठेवले, तारवाल्याकडे खाते उघडले आणि सोसायट्यांशी वर्षभराचा देखभालीचा करार केला, तर रोजची घासाघीस वाचते. हीच फर्म. पण ती हवी तेवढी वाढवून चालत नाही. माणसे सांभाळण्याचा खर्च बाहेरून काम करून घेण्यापेक्षा जास्त झाला, की तिथे थांबायचे.

मालक नेमके काय करतो?

फ्रँक नाइट याने १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. दुकानात पाणी शिरण्याची जोखीम मोजता येते, तिचा विमा उतरवता येतो. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा विम्याची किंमत सगळ्यांनाच कळली. पण नवे दुकान चालेल की नाही, याचा विमा कुणी देत नाही. ही अनिश्चितता मालक अंगावर घेतो. कामगाराचा पगार आधी ठरलेला असतो. सगळ्यांचे देऊन उरेल ते मालकाचे, मग तो नफा असो वा तोटा. ज्या घरात एक पगार थांबला तर चूल थांबते, त्या घरातला मुलगा भरतीची वाट पाहतो, ते आळसामुळे नव्हे. तोटा सोसायला पाठीशी काही नसते.

बाजार जात पाहतो का?

गॅरी बेकर याने १९५७ मध्ये दाखवले की भेदभाव करणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते. जातीमुळे चांगला कारागीर नाकारणारा मालक स्वतःचे नुकसान करतो आणि स्पर्धक त्या कारागिराला घेऊन पुढे जातो. हे खरे आहे, पण अर्धेच. भेदभाव गिऱ्हाईकच करत असेल तर? मग त्या गिऱ्हाइकाची मर्जी राखणाराच स्पर्धेत टिकतो. हा प्रकार बेकरनेही ओळखला होता.

आपल्याकडे याचे उदाहरण खुद्द बाबासाहेबांचे आहे. परदेशातून परतल्यावर त्यांनी मुंबईत शेअर व्यवहारांचा सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली, असे चरित्रकार नोंदवतात. ज्ञानात काही कमी नव्हते.

दुसरी अडचण उधारीची. ज्याच्या मामाचे घाऊक दुकान आहे, त्याला शब्दावर माल मिळतो. आपल्या मुलाला रोख मोजावी लागते. बाजार एकच, पण व्यवहार खर्च सारखा नाही. आमच्या मते खरा अडसर इथे आहे.

हा खर्च कमी कसा करायचा?

जिथे ओळख नाही, तिथे कागद कामाला येतो. उद्यम नोंदणी मोफत आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे. उशीर झाला तर व्याज द्यावे लागते. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठेवण्याचे धोरण २०१२ चे आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धही अनुसूचित जातींत मोडतात, त्यामुळे जातीचा दाखला आधीच तयार ठेवावा. मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात स्थापन केलेली डिक्की ही संस्था दलित उद्योजकांना एकत्र आणते.

उरलेले काम आपले. आपल्या गाव शाखा आणि मुंबई शाखा जयंतीसाठी, विहारासाठी वर्गणी काढतात, हिशेब चोख ठेवतात. त्याच शिस्तीने वर्गणीचा थोडा भाग होतकरू तरुणांच्या मालाच्या हमीसाठी का ठेवू नये? मामाचे दुकान नसलेल्या मुलामागे पंचायत उभी राहिली, तर तारवालाही खाते उघडेल.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्ध गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगतात. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात, एक अडचणीच्या काळासाठी. म्हणजे निम्मी मिळकत धंद्यात. पुढच्या सभेत जयंतीच्या खर्चाबरोबर हाही विषय अजेंड्यावर घ्या.