रिनोव्हेट केलेलं हॉटेल घेताय? आधी खोल्या मोजा!
लॉजिंगचं हॉटेल 'नुकतंच रिनोव्हेट केलंय' म्हणून विकायला आलं, की आपण रंग आणि टाइल्स बघून भुलतो. आधी हिशोब करू.

समजा, महाबळेश्वरला २० खोल्यांचं हॉटेल ५ कोटींना मिळतंय. सरासरी भाडं २,५०० रुपये. पावसाळा धरून वर्षभरात निम्म्या खोल्या भरल्या, तर ३,६५० रूम-नाइट्स, म्हणजे ९१ लाखांची विक्री. पगार, वीज, लाँड्री, बुकिंग साइटचं कमिशन जाऊन ३० टक्के उरले, तर साधारण २७ लाख. पाच कोटींवर साडेपाच टक्के! बँकेच्या कर्जाचं व्याजच यापेक्षा जास्त. स्टॅम्प ड्युटी वेगळी.

आता खरी गोम. रिनोव्हेशन करताना टेरेसवर किंवा पार्किंगमध्ये खोल्या वाढवल्या असतील तर? महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. तिथे वाढीव बांधकाम नियमित होईल या भरवशावर पैसे लावू नका. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात घ्या, आणि प्रत्येक मजल्यावर फिरून खोल्या मोजा. नकाशात १४च निघाल्या, तर २७ लाखांचे १९ होतात. मग किंमत २० खोल्यांची का द्यायची?

मालकाचं रजिस्टर बाजूला ठेवा. तीन वर्षांचे जीएसटी रिटर्न मागा, म्हणजे रिनोव्हेशनच्या आधी आणि नंतर धंदा किती झाला ते कळतं. फायरचं 'फॉर्म बी' महाराष्ट्रात दर जानेवारी आणि जुलैला लागतं, शेवटचं कधीचं आहे ते बघा. वायरिंग, ड्रेनेज खरंच बदललंय का, हे तुमच्या इंजिनिअरला बघू द्या. मालकाच्या नाही हं! टोकन द्यायचं ते वकिलाचा सर्च रिपोर्ट आल्यावरच.