बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेज गावी. त्यांचा नवा जन्म मात्र त्यानंतर आठेक वर्षांनी झाला. हा हिशेब टीकाकारांचा नव्हे. खुद्द रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत तो मांडला आहे. धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळाला नव्हता, असा त्याचा आशय.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा शास्त्री रात्री येशूकडे येतो. नव्याने जन्मायला हवं, असं येशू म्हणतो तेव्हा तो विचारतो, म्हातारा माणूस पुन्हा जन्मेल कसा? कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरा या नव्या जन्माचा संबंध बाप्तिस्म्याशी जोडतात. इव्हँजेलिकल मंडळी म्हणतात, पाप कबूल करून तारणारा स्वतः स्वीकारल्याशिवाय तो होत नाही. रमाबाई अँग्लिकन चर्चमध्ये आल्या आणि पुढे या दुसऱ्या मताकडे वळल्या.

त्यांना वळवलं विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूच्या आत्मकथनाने. त्याची गोष्ट विलक्षण आहे. १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या बाल्धू इथे तो उपदेशाला उभा राहिला आणि बोलता बोलता आपल्याच शब्दांनी हलून गेला. श्रोत्यांतला एक मेथडिस्ट प्रचारक उठून ओरडला, पाद्रीबुवांचंच परिवर्तन झालं! कोलकात्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ठरवलेल्या बाईंना हे पुस्तक भिडलं, यात नवल नाही. शास्त्र मुखोद्गत असूनही आत कोरडं राहता येतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

पुढे दौंडजवळच्या केडगावात त्यांचं 'मुक्ती' मिशन उभं राहिलं. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवलेल्या शेकडो मुली तिथे आल्या. वेल्समध्ये १९०४ साली झालेल्या संजीवनाची, म्हणजे धर्मजागृतीच्या लाटेची, बातमी पोचली आणि १९०५ च्या आरंभी इथेही प्रार्थनेचे गट जमू लागले. सुरुवातीला सुमारे सत्तर जणी असत, जूनपर्यंत साडेपाचशे.

२९ जूनला पहाटे साडेतीनच्या सुमारास मोठ्या मुलींपैकी एक जागी झाली, ती अंगात आग उतरल्यासारखी. शेजारची मुलगी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तोच तिच्या लक्षात आलं, आग कुठेच नाही. केडगावी काम करणाऱ्या मिनी अ‍ॅब्रम्स यांनी हा प्रसंग नोंदवला. माझ्या लेखी यातली खरी साक्षीदार ती बादलीवाली. तिला चमत्कार दिसला नव्हता, मैत्रीण जळतेय एवढंच दिसलं होतं.

मग रडणं, पापांची कबुली, रात्र रात्र प्रार्थना असं सुरू झालं. मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगत फिरू लागल्या. काही जणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. रमाबाईंनी ते अडवलं नाही, पण पवित्र आत्मा आल्याची ती एकमेव खूण आहे असंही मानलं नाही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधल्या, पेंटेकॉस्टल चळवळीचा आरंभ म्हणून ज्यांचा दाखला दिला जातो त्या अझुसा स्ट्रीटच्या सभा एप्रिल १९०६ च्या. केडगावचं संजीवन त्याआधीचं.

अ‍ॅब्रम्सबाईंनी १९०६ मध्ये या साऱ्यावर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या वालपारायसो इथे आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मे हूवर हिला पाठवली. हूवर दांपत्याने ती वाचली. १९०९ मध्ये त्यांच्या मेथडिस्ट मंडळीत संजीवन पेटलं. चिलीतल्या पेंटेकॉस्टल चर्चचा उगम तिथलाच.