डोळे मिटणारी पाल पाहिली आहे का? सातपुड्यातल्या ‘लेपर्ड गेको’ची ओळख

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातलं डोणगाव असो की पुण्या-मुंबईतला फ्लॅट, रात्री ट्यूबलाइटजवळ पाल दिसतेच. तिच्याकडे नीट पाहिलंत तर लक्षात येईल, की ही पाल कधीच डोळे मिटत नाही. कारण मिटायला तिला पापण्याच नाहीत. तिच्या डोळ्यावर पारदर्शक आवरण असतं आणि त्यावरची धूळ ती जिभेने चाटून साफ करते.

पण डोळे मिटणारी पालही आहे. डोणगावच्या उत्तरेला, जिल्ह्याच्या सीमेवर सातपुड्याची रांग लागते. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या या डोंगररांगांमध्ये राहणाऱ्या अशा पालीचं शास्त्रीय नाव आहे ‘युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस’. इंग्रजीत तिला सातपुडा लेपर्ड गेको म्हणतात. अंगावर बिबट्यासारखे ठिपके असतात, म्हणून हे नाव.

नावातच ओळख

‘युब्लेफॅरिस’ हा ग्रीक शब्दांवरून आलेला शब्द आहे. अर्थ साधारण ‘खऱ्या पापण्यांची’. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1827 मध्ये हे नाव दिलं.

जगभरातल्या पाली आज सात कुळांत विभागल्या जातात. भिंतीवरची पाल ‘गेकोनिडी’ कुळातली, तर लेपर्ड गेको ‘युब्लेफॅरिडी’ कुळातली. कॅरिबियन बेटांवर ‘स्फेरोडॅक्टिलिडी’ हे तिसरंच कुळ आढळतं. त्यातल्या एका पालीचं शरीर, शेपटी सोडून, जेमतेम 16 मिलिमीटर असतं. 2001 मध्ये तिची नोंद झाली तेव्हा ती जगातल्या सर्वांत लहान सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी एक ठरली. या तिन्ही पाली दिसायला आणि राहायला वेगळ्या असल्या, तरी दूरच्या नात्यातल्याच आहेत.

ती भिंतीवर का चढत नाही?

घरातल्या पालीच्या बोटांखाली पातळ पट्ट्या असतात. त्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो सूक्ष्म केस असतात. हे केस भिंतीच्या अगदी जवळ जातात, तेव्हा रेणूंमधलं सौम्य आकर्षण पालीला धरून ठेवतं. त्यात गोंद किंवा चिकट द्रव नसतो.

लेपर्ड गेकोला या पट्ट्या नाहीत. तिची बोटं बारीक असतात आणि त्यांना नखं असतात. त्यामुळे ती गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाही. ती जमिनीवर, दगडांखाली आणि पालापाचोळ्यात राहते. दिवसा लपून बसते आणि रात्री किडे पकडायला बाहेर पडते. रात्रीच्या या सवयीमुळे तिच्या डोळ्यातली बाहुली मांजरासारखी उभी असते.

तिची शेपटी जाड असते, कारण तिथे चरबी साठते. खायला मिळालं नाही की हीच चरबी कामी येते. जिवावर बेतलं तर ती शेपटी सोडून पळते. नंतर नवी शेपटी येते, पण ती पहिल्यासारखी दिसत नाही. पिल्लांच्या अंगावर गडद आणि फिकट पट्टे असतात. वाढत्या वयात ते मोडून ठिपके होतात. अंड्यांतही फरक आहे. भिंतीवरच्या पालीची अंडी कडक कवचाची असतात, लेपर्ड गेकोची मऊ.

2014 पर्यंत ती कुठे होती?

ती सातपुड्यातच होती, पण वेगळी जात म्हणून ओळखली गेली नव्हती. झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. अशा जाती ओळखताना खवल्यांची संख्या आणि रचना, अंगावरचे पट्टे, नराच्या मांड्यांजवळची छिद्रं अशा बारीक गोष्टी तपासतात. याआधी 1997 मध्ये इंद्रनील दास यांनी पश्चिम भारतातल्या लेपर्ड गेकोला वेगळ्या जातीचा दर्जा दिला होता. 2022 मध्ये पूर्व घाटातून आणखी एक जात नोंदवली गेली.

नाव वेगळं झाल्याने काय फरक पडतो? बराच पडतो. सगळीकडे एकच जात आहे असं मानलं, तर एका डोंगरातून ती गेली तरी ‘दुसरीकडे आहे ना’ असं म्हणता येतं. पण त्या डोंगररांगेतली जातच वेगळी असेल, तर तिथून गेली म्हणजे जगातून गेली.

ही पाल विषारी आहे का?

नाही. भारतात आढळणाऱ्या कोणत्याही पालीला विष नसतं. पण ठिपके आणि जाड शेपटी पाहून लोक घाबरतात आणि रात्री अंगणात दिसलेली लेपर्ड गेको काठीने मारली जाते.

मग पाल पडलेलं अन्न खाऊन लोक आजारी का पडतात? पालीच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात. त्यांच्यामुळे उलट्या-जुलाब होतात. असं अन्न टाकून द्यावं, भांडं स्वच्छ घासावं आणि त्रास झाला तर डॉक्टरांकडे जावं.

अशी पाल घराजवळ दिसली तर तिला हात लावू नका. ती बहुधा स्वतःहून निघून जाईल. विहिरीत किंवा टाक्यात अडकली असेल, तर वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. आणि दुरून एकदा तिचे डोळे नक्की पाहा. पापणी हलली, तर ती घरातली पाल नाही.