संगणक आणि तद्विद्यसंभाषा

चरकाचार्यांनी विमानस्थानात वैद्यांच्या परस्पर चर्चेस ‘तद्विद्यसंभाषा’ म्हटले असून तिचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आमच्या पाहण्यातील अनेक चिकित्सालयांत संगणक आला. तथापि तो पावत्या व औषधसाठा यांपुरताच राबतो. संधाय संभाषेसाठी त्याची योजना कशी करावी, याचा येथे विचार करू.

हळदीच्या व्रणरोपण गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लिखित पुरावे सादर केल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय सुरू झाले. ज्ञान असणे पुरेसे नाही, ते शोधता आले पाहिजे, हा त्यातील बोध. आपल्या दैनंदिन अनुभवासही तोच न्याय लागू आहे.

व्याधीचे नाव सर्वांनी एकच लिहावे. त्यासाठी आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ प्रणालीतील संकेतांक उपलब्ध आहेत. परंतु संकेतांक पुरत नाही. आमवाताचे दोन रुग्ण एकाच संकेतांकाखाली येतात; एक साम, दुसरा निराम, आणि चिकित्सा भिन्न. म्हणून दोष, अग्नी, काल व आपली युक्ती लिहिण्यास दोन-तीन ओळींची मोकळी जागा हवीच.

औषधाची नोंद अधिक काटेकोर असावी. केरळात शंखपुष्पी म्हणून गोकर्ण वापरतात, अन्यत्र वेगळीच वनस्पती. ‘शंखपुष्पी दिली, गुण आला नाही’ एवढ्याने औषधनिर्मात्यास काहीच कळत नाही. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, निर्माता व बॅच क्रमांक हवा. एकाच बॅचविषयी तीन गावांतील तीन वैद्यांच्या तक्रारी सुट्या राहिल्यास योगायोग वाटतात. एकत्र दिसल्यास वेळीच साठा तपासता येतो व पुढील रुग्ण वाचतो.

अपयशाचीही नोंद व्हावी. रुग्णाचे नाव व पत्ता मात्र सामायिक नोंदीत कदापि नसावा. रकाने मोजके असावेत. नोंद करणाऱ्यास तत्क्षणी इतरांच्या तत्सम नोंदी दिसाव्यात. काहीच परत न मिळाल्यास गर्दीच्या वेळी कोण लिहील?

प्रणाली कोणतीही घ्यावी, प्रथम रकाने वैद्य व औषधनिर्माते यांनी एकत्र बसून ठरवावेत. संगणकतज्ज्ञास त्यानंतर बोलवावे.