तिसरा गोल आला की...

शाळेतल्या समीकरणात शोधायची असते ती एक संख्या. अवकल समीकरणात शोधायचा असतो एक संपूर्ण प्रवास. या क्षणी वस्तू अशी असेल तर तिच्यात बदल किती वेगाने होईल, एवढेच ते समीकरण सांगते. रेडियमचा ऱ्हास शिल्लक रेडियमच्या प्रमाणात होतो, हे त्याचे सोपे उदाहरण. उत्तरही एका ओळीचे: सुमारे १६०० वर्षांनी निम्मे उरते, आणखी तेवढ्याच काळाने चतुर्थांश. पाठ्यपुस्तकांत अशीच सुटणारी समीकरणे वेचून घातलेली असतात; सगळीच तशी असावीत हा समज तिथूनच होतो.

सूर्य आणि एकच ग्रह असेल तर कक्षा लंबवर्तुळ, हे न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त दाखवले. तिसरा गोल आला की गाडे अडते. चंद्र कुठे जाणार हे पृथ्वी आणि सूर्य यांच्या ओढीवर ठरते, आणि ती ओढ किती हे चंद्र कुठे आहे यावर. तीन गोलांची स्थाने व वेग मिळून १८ राशी होतात. ऊर्जा, संवेग वगैरेंच्या अक्षय्यतेतून संबंध मिळतात फक्त १०. दोन गोलांच्या १२ राशींना ते पुरतात, इथे नाहीत. आणि त्या जातीचे आणखी बैजिक संबंध नाहीतच, हे ब्रुन्सने १८८७ साली सिद्ध केले. प्रवास ठरलेला असतो, पण तो ओळखीच्या सूत्रांत मांडता येत नाही.

स्वीडनच्या राजाचे पारितोषिक १८८९ साली प्वांकारेला याच प्रश्नावरील निबंधासाठी मिळाले. छापलेल्या निबंधात चूक निघाली. पुनर्मुद्रणाचा खर्च त्याने स्वतः सोसला, तोही पारितोषिकाहून जास्त! पण दुरुस्ती करताना त्याला जे गुंतागुंतीचे मार्ग दिसले, त्यांतूनच पुढे ‘केऑस’चा अभ्यास उभा राहिला.

१९१२ साली फिनलंडच्या सुंडमनने उत्तर दिलेही, अनंत श्रेणीच्या रूपात. मात्र वेधशाळेच्या कामी येईल इतकी अचूकता हवी तर एकावर ऐंशी लाख शून्ये इतकी पदे मिळवावी लागतील. असे उत्तर असून नसल्यासारखेच.

म्हणून प्रत्यक्षात संगणकाकडून लहान लहान पावलांनी पुढे जातात. लास्कर आणि गास्तिनो यांनी २००९ साली ग्रहमालेचे पाच अब्ज वर्षांचे गणित २५०१ वेळा चालवले. लागोपाठच्या दोन गणितांत बुधाच्या आरंभीच्या कक्षेतला फरक मिलिमीटरहूनही कमी होता. तरीही सुमारे एक टक्का गणितांत ती कक्षा इतकी लांबट झाली, की बुध शुक्रावर किंवा सूर्यावर आदळू शकेल.