शेवटच्या चालीचा बाजार

२८ ऑक्टोबर २०१५. आयआयटी दिल्लीच्या सभागृहात फेसबुकचे मार्क झुकरबर्ग विद्यार्थ्यांपुढे उभे होते. इंटरनेटचं स्वातंत्र्य, कृत्रिम बुद्धिमत्ता, भारतातले कोट्यवधी नवे ग्राहक असे भारदस्त विषय ठरलेले होते. पण एक प्रश्न आला तो असा, की कँडी क्रशच्या रिक्वेस्ट कशा थांबवायच्या? सभागृहात हशा पिकला. झुकरबर्ग यांनी मात्र प्रश्न हसण्यावारी नेला नाही. कार्यक्रमाआधी लोकांकडून प्रश्न मागवले होते, त्यात यालाच सर्वाधिक मतं पडली होती. ते काम आपण कंपनीतल्या एका माणसाकडे सोपवलं आहे, असं त्यांनी सांगितलं.

त्या काळात फेसबुक वापरणाऱ्या कुणालाही या प्रश्नाचा उगम समजावून सांगायला नको. सूचना आली म्हणून बघावं, तर कुणा आत्याची, मामीची किंवा शाळेत दोन बाकं पुढे बसणाऱ्या मैत्रिणीची हाक: एक लाइफ पाठव! वर्षानुवर्षं बोलाचाल नसलेली माणसं या निमित्ताने एकमेकांच्या दारात उभी राहत होती.

कँडी क्रशमध्ये शेजारच्या दोन गोळ्यांची अदलाबदल करायची, एका रंगाच्या तीन एका ओळीत आल्या की त्या फुटतात, वरच्या खाली घसरतात, नव्या पडतात. नियम एवढाच. इंग्रजीत या जातीच्या खेळांना ‘मॅच-थ्री’ म्हणतात. गेल्या तीस वर्षांत या नियमात फारसा फरक पडलेला नाही. बदलली आहे ती विकायची वस्तू. आधी खेळ विकला जात होता. आता खेळ फुकट मिळतो आणि विकला जातो तो त्यातला अडथळा.

रंगीत चेंडूंपासून हिऱ्यांपर्यंत

या कुळाचा मूळ पुरुष शोधायला गेलं तर वाट रशियाकडे जाते. मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर ‘टेट्रिस’ लिहिला आणि वरून पडणाऱ्या तुकड्यांचं वेड जगाला लागलं. जपानमध्ये त्याच सुमारास कुनिआकी मोरिबे यांनी ‘चेन शॉट’ नावाचा, एका रंगाचे पुंजके उडवण्याचा खेळ केला. पुढे ‘कॉलम्स’ आला, निन्टेन्डोचा ‘डॉ. मारिओ’ आला. पण शेजारच्या दोन घरांची अदलाबदल करून तीन जुळवायचे, ही आजची नेमकी रीत दिसते ती १९९४ साली येवगेनी अलेमझिन या रशियन प्रोग्रॅमरने लिहिलेल्या ‘शारिकी’ या छोट्याशा डॉस खेळात. त्यात रंगीत चेंडू होते. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही.

गाजावाजा झाला तो अमेरिकेत. जॉन वेची, ब्रायन फिएटी आणि जेसन कपाल्का या तिघांनी २००० साली सिएटलमध्ये पॉपकॅप ही कंपनी काढली. रंग जुळवण्याचा एक ओबडधोबड खेळ वेची यांनी इंटरनेटवर पाहिला होता. त्यात चाल केली की वस्तू सरकताना दिसतच नसत. या तिघांनी त्यात घसरण आणली, चकाकी आणली आणि रंगीत चौकोनांच्या जागी रत्नं बसवली. नाव ठेवलं ‘डायमंड माइन’. मायक्रोसॉफ्टच्या खेळांच्या पानावर तो गेला, तेव्हा त्याचं बारसं पुन्हा झालं: ‘बिज्वेल्ड’.

इथला व्यवहार सरळ होता. ब्राउझरवर फुकट खेळून बघा, आवडला तर साधारण २० डॉलर मोजा आणि पूर्ण खेळ आपल्या संगणकावर उतरवून घ्या. एकदा पैसे दिले की संपलं. मग दिवसभर खेळा, नाहीतर वर्षभर बघू नका, कंपनीला त्याचं सोयरसुतक नाही. बिज्वेल्डच्या एका प्रकारात तर वेळेचंही बंधन नव्हतं. चाली शिल्लक आहेत तोवर निवांत बसावं. सुपात तांदूळ घेऊन खडे वेचणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर जी शांत तंद्री असते, ती या खेळाची खरी जात. डोळा शोधत राहतो, हात टिपत राहतो, डोकं मोकळं होतं. या तंद्रीला बाजारात किंमत आहे हे मोठ्या कंपन्यांच्याही ध्यानात आलं. २०११ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने पॉपकॅप विकत घेतली. ६५ कोटी डॉलर रोख, १० कोटींचे शेअर आणि पुढच्या कामगिरीवर आणखी, असा तो सौदा होता.

पटाचं गणित

हा खेळ निव्वळ नशिबाचा की कौशल्याचा, हा वाद घरोघर चालतो. उत्तर पटातच आहे. नऊ बाय नऊ घरांचा पट घेऊ. एका आडव्या ओळीत सलग तीन घरांचे सात गट होतात. नऊ ओळींचे ६३. उभ्याचेही तितकेच. एकूण १२६. प्रत्येक घरात डोळे मिटून रंग टाकला, तर एखाद्या गटातली तिन्ही घरं एकाच रंगाची निघण्याची शक्यता सहा रंगांच्या पटावर ३६ पैकी १ असते, पाच रंगांच्या पटावर २५ पैकी १ आणि चार रंगांच्या पटावर १६ पैकी १. म्हणजे सहा रंगांत सरासरी साडेतीन जुळण्या आपोआप तयार, पाच रंगांत पाच आणि चार रंगांत जवळजवळ आठ.

म्हणून सुरुवातीचा पट मांडताना प्रोग्रॅमला चाळणी लावावी लागते. सोपी रीत अशी, की घर भरताना डावीकडची दोन आणि वरची दोन घरं बघायची. जी जोडी एकाच रंगाची असेल तो रंग तिथे टाळायचा. मग निदान एक तरी चाल शिल्लक आहे ना, हे तपासायचं. नसेल तर पुन्हा पिसायचं. खेळ सुरू झाल्यावर वरून पडणाऱ्या गोळ्यांना मात्र सहसा ही चाळणी नसते. त्यामुळे आपण एक चाल करतो आणि तीन-चार जुळण्या आपसूक घडत जातात, आवाज चढत जातो, पडद्यावर शाबासकी झळकते. श्रेय गणिताचं, पण कॉलर आपली ताठ होते. खेळ रचणाऱ्याने सहातला एक रंग काढून घेतला की लेव्हल सोपी वाटू लागते आणि खेळणारा स्वतःला हुशार समजू लागतो. रंग वाढवला की तोच माणूस अडखळतो. नियम तोच, खुंटी मात्र रचणाऱ्याच्या हातात.

याचा अर्थ कौशल्य नाहीच असं नव्हे. ऑस्ट्रेलियातले संगणकशास्त्रज्ञ टोबी वॉल्श यांनी २०१४ साली कँडी क्रशवर एक शोधनिबंध लिहिला. वरून कोणत्या गोळ्या पडणार हे आधीच सांगून टाकलं, तरी ठरावीक चालींत ठरावीक गुण मिळवता येतील का, हे शोधणं ‘एनपी-हार्ड’ वर्गात मोडतं, असं त्यांनी सिद्ध केलं. साध्या भाषेत सांगायचं तर पट वाढत गेला की हमखास आणि झटपट उत्तर काढणारी रीत आज कुणापाशीच नाही. त्याच वर्षी इटलीतल्या तीन संशोधकांनीही बिज्वेल्ड आणि त्याच्या भावंडांबद्दल असाच निष्कर्ष मांडला. तेव्हा मामी अडकल्या तर त्यात कमीपणा मानायचं कारण नाही, संगणकही अडकतो.

पाच लाइफ, अर्धा तास

स्वीडनमध्ये २००३ साली सुरू झालेली किंग ही कंपनी आधी संकेतस्थळावर छोट्या छोट्या स्पर्धा भरवायची. एप्रिल २०१२ मध्ये तिने फेसबुकवर ‘कँडी क्रश सागा’ आणला आणि वर्ष संपायच्या आत तो आयफोन आणि अँड्रॉइडवर पोचला. गोळ्या सहा रंगांच्या. चार जुळल्या की पट्ट्यांची गोळी, एल किंवा टी आकारात पाच जुळल्या की कागदात गुंडाळलेली, सरळ रेषेत पाच जुळल्या की कलर बॉम्ब. यात जुन्यापेक्षा वेगळं काय होतं? एक नकाशा, ज्यावर आपण कुठवर आलो आणि नणंद कुठवर पोचली हे दिसतं. मोजक्या चाली. आणि पाच लाइफ. हरलात की एक जाते आणि ती परत यायला अर्धा तास लागतो. थांबा, मैत्रिणीकडे मागा किंवा पैसे भरा. झुकरबर्ग यांच्यापुढे आलेल्या त्या प्रश्नाचं मूळ या तीन पर्यायांतल्या दुसऱ्यात होतं.

आता तो क्षण जवळून बघू. जेलीची लेव्हल आहे, म्हणजे गोळ्यांखालची जेली फोडून पट साफ करायचा. चाली संपल्या. पट जवळपास स्वच्छ झाला आहे. उजव्या कोपऱ्यात, जिथे गोळी सरकवायला जागा कमी, तिथे जेलीचं एकच घर उरलं आहे. पडदा ताबडतोब ‘हरलात’ म्हणत नाही. आधी विचारतो, आणखी पाच चाली हव्यात का? खाली किंमत, बाजूला फुली. मागच्या पंचवीस चालींपेक्षा या पाचांचं मोल त्या घडीला जास्त वाटतं, कारण आधीची सगळी मेहनत आता त्यांच्यावर टांगलेली असते.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी या घडीचा अभ्यास करून २०१७ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी कँडी क्रश खेळणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके आणि त्वचेवरचे बदल मोजले. साफ हरण्यापेक्षा थोडक्यात हरणं माणसाला जास्त चिडवतं आणि नेमकं तेव्हाच पुन्हा खेळण्याची ओढ सर्वात तीव्र असते, असं त्यांना आढळलं. जुगाराच्या यंत्रांबाबत अभ्यासकांना हे आधीपासून ठाऊक होतं. इथे पैसे जिंकायचे नसतानाही मन त्याच वाटेने गेलं.

ही ‘थोडक्यात’ची जागा अपघाताने येत नाही. जुन्या खेळाडूंना पासष्टावी लेव्हल आठवत असेल. कित्येक जण तिथे आठवडेच्या आठवडे अडकले होते आणि पुढे कंपनीने ती सोपी केली. आज कँडी क्रशच्या लेव्हल पंधरा हजारांच्या पुढे गेल्या आहेत आणि नव्या येतच असतात. इतक्या लेव्हल माणसं बसवून तपासणं जिकिरीचं. म्हणून किंगच्या संशोधकांनी प्रत्यक्ष खेळाडूंच्या चालींवरून शिकलेलं यांत्रिक मेंदूचं जाळं तयार केलं. ते माणसासारखं खेळतं आणि नवी लेव्हल लोकांना किती जड जाईल याचा अंदाज आधीच देतं. २०१८ साली त्यांनी ही पद्धत शोधनिबंधात उघडपणे मांडली.

हिशेब काय सांगतो? शेअर बाजारात उतरताना किंगने दिलेल्या कागदपत्रांनुसार डिसेंबर २०१३ मध्ये रोज सरासरी ९.३ कोटी खाती कँडी क्रश खेळत होती. कंपनीच्या खेळाडूंपैकी महिन्याला पैसे भरणारे मात्र शंभरात चार. तेवढ्यांच्या जिवावर २०१३ ची मिळकत १८८ कोटी डॉलर झाली आणि कंपनीने खेळातल्या जाहिराती त्याच वर्षी काढून टाकल्या. मार्च २०१४ मध्ये शेअर साडेबावीस डॉलरला निघाला आणि पहिल्याच दिवशी १९ वर आला. एका खेळावर चालणारी कंपनी किती टिकणार, अशी शंका होती. ती खोटी ठरली. अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्डने ५९० कोटी डॉलरना किंग विकत घेतली आणि २०२३ मध्ये ती सगळी मायक्रोसॉफ्टच्या पदरात पडली. त्याच वर्षी कँडी क्रशची एकूण कमाई २,००० कोटी डॉलरच्या पुढे गेल्याचं कंपनीने जाहीर केलं.

मग बाकीचेही सरसावले. रशियातल्या वोलोग्दा शहरात बुखमान बंधूंनी उभारलेल्या प्लेरिक्सने ‘गार्डनस्केप्स’ आणि ‘होमस्केप्स’मध्ये जुळवाजुळवीला बागेची आणि घराच्या डागडुजीची गोष्ट जोडली. इस्तंबूलच्या ड्रीम गेम्सने २०२१ मध्ये ‘रॉयल मॅच’ आणला. स्पर्धा वाढली तशी जाहिरातींनी लाज सोडली. सळ्या ओढून कुणाला तरी वाचवायचं, अशी कोडी दाखवणाऱ्या प्लेरिक्सच्या जाहिराती ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने २०२० मध्ये दिशाभूल करणाऱ्या ठरवून थांबवल्या. कारण खेळ उतरवून घेतल्यावर समोर येत होत्या त्या बहुतेक तीन जुळवण्याच्याच लेव्हल.

आपल्याकडे

आपल्याकडे हा खेळ रुजला त्याचं एक साधं कारण म्हणजे तो नेटवर्क नसतानाही चालतो. लोकल बोगद्यात शिरली तरी गोळ्या फुटायच्या थांबत नाहीत. एका हातात वरची कडी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चाल. आपलं स्टेशन आलं की अर्ध्यात सोडता येतं. आवाज बंद ठेवला तरी काही बिघडत नाही, इंग्रजी वाचता आलं नाही तरी अडत नाही. २०२३ च्या जूनमध्ये विमानात टॅबवर कँडी क्रश खेळणाऱ्या महेंद्रसिंग धोनीचा व्हिडिओ देशभर फिरला. त्यानंतर काही तासांत लाखो लोकांनी खेळ उतरवून घेतला, असा आकडाही फिरला, पण तो आला होता नकली खात्यावरून.

कायद्याच्या नजरेत हे खेळ निर्धोक आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली. कँडी क्रशमध्ये पैसे फक्त जातात, परत कधीच येत नाहीत. त्यामुळे तो जुगार ठरत नाही आणि ते बरोबरच आहे. शंभरातल्या शहाण्णव जणांना एक देखणा, घटकाभर डोकं हलकं करणारा खेळ फुकट मिळतो, याबद्दल कुणी नाक मुरडायचं कारण नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर चाललेल्या बाईने दुपारी अर्धा तास गोळ्या फोडल्या, तर तिला व्यसनाधीन म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या फोनवरचा वेळ मोजावा.

प्रश्न उरतो तो त्या चौघांचा आणि त्यांच्यासमोर येणाऱ्या पडद्याचा. ही लेव्हल किती जणांना कितव्या प्रयत्नात सुटते, हे कंपनीला माहीत असतं. पाच चाली विकत घेतल्यावर कितींची खरोखर सुटते, तेही तिच्या नोंदींत असतं. खेळणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतं ते कोपऱ्यातलं एक घर आणि किंमत. ‘या टप्प्यावर पाच चाली घेणाऱ्या शंभरांपैकी इतके जण पुढे गेले’, एवढी एक ओळ किमतीच्या शेजारी छापायला कंपनीला काही जड नाही. ग्राहकांच्या संघटनांनी बंदीची मागणी करण्यापेक्षा ही ओळ मागावी. ती वाचूनही कुणाला पाच चाली घ्याव्याशा वाटल्या, तर त्याने त्या खुशाल घ्याव्यात.