घरच्या गाडीचा सांधा
रामनगरच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात काशीनरेशांच्या काळातल्या जुन्या मोटारी आहेत. त्या पिढीच्या गाड्यांची चाकं पाट्यांवर तोललेली असत आणि पाट्यांच्या टोकांना पिना असत. पिनांना वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही की गाडी खडखडू लागे. चाक हलतं ठेवायचं, पण भलत्या दिशेला हलू द्यायचं नाही, हा पेच मोटारीइतकाच जुना आहे.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी तो आपल्या पद्धतीनं सोडवला. 1949 साली त्यांनी ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि सस्पेन्शनसाठी रबर वापरलं. सुटे भाग कमी झाले, ग्रीसची कटकटही कमी झाली. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा विचार आजही योग्य आहे. कारखान्यातून येणाऱ्या मोटारींमध्ये चाकाला चासीशी जोडणाऱ्या आर्मना रबरी बुश असतात, कारण रबर खड्ड्याचा धक्का गिळतं.

पण रबर दबतं, आणि दबलं की चाकाचा कोन बदलतो. शर्यतीच्या गाडीला ते चालत नाही. तिथे लागतो रॉड एंड. दांडीच्या टोकाला एक कडं, कड्यात पोलादी गोळा, गोळ्याला आरपार भोक. खांद्याच्या सांध्यासारखा गोळा खोबणीत फिरतो, पण जागा सोडत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांमधून पुढे आलेला हा सांधा अमेरिकेत ‘हाइम’ आणि ब्रिटनमध्ये ‘रोझ’ या कंपन्यांच्या नावांनी ओळखला जाऊ लागला.

आपल्याकडे घरी बांधलेल्या गाडीला नोंदणी मिळणं फार अवघड. म्हणून हा सांधा प्रामुख्याने दिसतो तो अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या गाड्यांत. 2007 साली पिथमपूरला सुरू झालेल्या ‘बाहा एसएईइंडिया’ स्पर्धेत महाराष्ट्रातली महाविद्यालयं हौसेनं उतरतात. वर्कशॉपमध्ये रात्री जागून मुलं चासी वेल्ड करतात, आणि रॉड एंड मात्र स्वस्त मिळाला म्हणून घेऊन येतात.

इथेच फसगत होते. हवेच्या सिलिंडरला लावायचा साधा रॉड एंड आणि सस्पेन्शनला पेलणारा रॉड एंड वरून सारखेच दिसतात. आट्यांचं माप जुळलं एवढ्यावर खरेदी करू नये. कॅटलॉगमधला भाराचा आकडा पाहावा. तो आकडाही दांडीच्याच दिशेनं, कड्यावर येणाऱ्या सरळ ओढीचा असतो. गोळ्याला बाजूनं ढकलणारा भार रॉड एंड त्या मानानं फारच कमी सोसतो.

सर्वांत वाईट म्हणजे आट्यांच्या भागावर वाक येणं. रॉड एंड ओढ आणि दाब सोसण्यासाठी बनलेला आहे. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलणं सोपं जावं म्हणून मुलं तो ए-आर्मच्या चाकाकडच्या टोकाला लावतात. मग ब्रेक दाबल्यावर सगळा जोर आट्यांच्या मुळाशी येतो आणि पहिला आटा जिथे सुरू होतो तिथेच दांडी तुटते. त्या जागी आर्ममध्ये बसवलेलं गोलाकार बेअरिंग किंवा बॉल जॉइंट हवा. स्टिअरिंगच्या टाय रॉडला मात्र रॉड एंड शोभतो, कारण तिथे भार दांडीच्याच दिशेनं येतो.

बोल्टला दोन्ही बाजूंनी पट्टीचा आधार द्यावा. एकाच बाजूनं बसवायचाच असेल, तर बोल्टच्या मोकळ्या टोकाला कड्याच्या भोकापेक्षा मोठा वायसर घालावा. म्हणजे गोळा निसटला तरी आर्म सुटून पडणार नाही. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांच्या नियमांतही ही अट आहे, आणि ती पूर्णपणे योग्य आहे. चाक पूर्ण वर, पूर्ण खाली आणि दोन्हीकडे वळवून पाहावं. कुठेही कडं पट्टीला टेकता कामा नये. टेकत असेल तर शंकूच्या आकाराचे स्पेसर घालावेत.

दांडीच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे ठेवले, तर काहीही न उघडता नुसती दांडी फिरवून लांबी बदलता येते. मात्र आटे निदान व्यासाच्या दीडपट आत गेलेले असावेत आणि चेकनट आवळलेला असावा. त्यावर रंगाची रेघ ओढून ठेवली की नट सरकला का, ते दुरूनही कळतं.

देखभालीत एक चूक भल्याभल्यांकडून होते. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या सांध्यात ग्रीस भरलं जातं, त्यात धूळ चिकटते आणि अस्तर घासून निघतं. तो कोरडाच ठेवायचा. ग्रीस निपल असलेल्या, धातूवर धातू फिरणाऱ्या सांध्याला मात्र प्रत्येक चिखलफेरीनंतर नवं ग्रीस द्यावं. रबरी टोप्या दोन्हींना घालाव्यात आणि पाण्याचा जोरदार फवारा थेट सांध्यावर मारू नये.

तपासायला जॅक लावून चाक उचलावं, वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवावं. त्याच वेळी दुसऱ्यानं सांध्यावर बोट ठेवावं. बारीकशी टकटक जाणवली तरी तो सांधा बदलावा; दाबून, ठोकून घट्ट केलेला रॉड एंड पुन्हा गाडीला लावू नये. दांडी वाकलेली दिसली किंवा गाडी कुठे आदळली, तर खेळ नसला तरीही तो काढावा आणि नवा लावल्यावर अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी.